साडेपाच ते नऊची आर्द्रता

लोरेत्ताने मोदेनाहून मला आलेख पाठवला, तेव्हाच दोष यंत्राचा नाही हे मला कळायला हवं होतं.

तिची आई झेलिंदा आमच्या कोमाक्क्योत, इटलीतल्या खाऱ्या तळ्यांकाठच्या गावात, एकटी राहायची. जुलैच्या सुरुवातीला उकाड्याने चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात पडली. मग लोरेत्ताने आमच्या दुकानातून एसी बसवून घेतला आणि भिंतीवर एक छोटं मापक लावलं. खोलीतलं तापमान आणि आर्द्रता दर पाच मिनिटांनी तिच्या फोनवर जायची. दुकान माझ्या मामाचं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी बरी नोकरी मिळेपर्यंत त्याच्याकडे दुरुस्तीची कामं करत होते.

"रोज संध्याकाळी आर्द्रता अठ्ठ्याहत्तरवर जाते आणि खोली तापते," लोरेत्ता फोनवर म्हणाली. "आठवड्याभरात हे जमलं नाही, तर मी आईला इकडे घेऊन येते. तिला यायचं नाही, ठाऊक आहे मला. पण परत पडली तर उचलायला कोण आहे तिथे?"

मी गेले तेव्हा झेलिंदाने गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला होता. थंड झोत मानेला लागला की माणूस आजारी पडतो, यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. म्हणून बहुतेक घरांत एसी थेंबाच्या चिन्हावरच चालतो. पंखा हळू फिरतो, हवा कोरडी होते. तिचाही तसाच होता.

"पंखा जरा वाढवू का, सिन्योरा?"

"आणि मानेचं काय करू? तुमच्या दुकानात नवी मान मिळते का?"

मी जाळी धुतली, गॅसचा दाब पाहिला, पाणी जायची नळी फुंकून पाहिली. सगळं ठीक. मग मला तिच्या पास्त्याच्या पातेल्याचा संशय आला, कारण ती त्यावर झाकण ठेवत नसे. हिशेब केला. अर्धा तास उकळून फार तर अर्धा लिटर वाफ झाली असती आणि यंत्राने ती थोड्या वेळात काढून टाकली असती. आलेख मात्र साडेपाचला चढायचा आणि नऊशिवाय उतरायचा नाही. शेवटी मी नळीखाली पाच लिटरचा कॅन ठेवला आणि किती भरला ते दर तासाला लिहून ठेवायला सांगितलं.

"विद्यापीठात हे शिकवतात का गं? पाणी भरायला?"

"हो. पाच वर्षं लागतात."

ती हसली. वाम मासा व्हिनेगरमध्ये मुरवायच्या कारखान्यात तिने तीस वर्षं काढली होती. आकडे तिने अगदी चोख लिहिले. दुपारी तासाला अर्धा लिटरही नाही. साडेपाच ते नऊ मात्र अख्खा कॅन.

तिसऱ्या दिवशी मी न सांगता पावणेसहाला गेले.

गल्लीत सात दारं आहेत, समोर कालवा. सहा दारं बंद होती आणि त्यांच्या वर बाहेरची युनिटं घरघरत होती. झेलिंदाचं दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेर भिंतीला लागून आणखी एक खुर्ची होती, रिकामी. मी जवळ गेले तसा गारवा माझ्या घोट्यांना लागला. थंड हवा जड असते, ती जमिनीलगत बाहेर वाहत होती.

"दार उघडं टाकून एसी लावलाय तुम्ही?"

"बंद ठेवलं तर कुणाला कळणार आत गार आहे ते?" तिने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. उभ्याने काय तपासतेस."

मी बसले.

"पूर्वी पाच वाजले की सातही घरं खुर्च्या घेऊन बाहेर यायची," ती म्हणाली. "कुणी कुणाला बोलवायचं नाही. उकाड्याने आत बसवायचंच नाही, दुसरं काय. मग एकेकाकडे यंत्र आलं. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी. म्हटलं, आता आपल्याकडेही गारवा आहे, दारातून जाणारं कुणीतरी थांबेल."

"थांबलं कुणी?"

"सोमवारी टपालवाली थांबली होती. चार मिनिटं. बरं वाटतंय म्हणाली."

मी तिला आकडे सांगितले. खाऱ्या तळ्यांवरून येणाऱ्या हवेत त्या दिवशी दर घनमीटरला एकवीस ग्रॅम पाणी होतं, आतल्या कोरड्या हवेत बारा. दार उघडं असलं की बाहेरची हवा येतच राहते आणि यंत्राची बरीचशी ताकद त्या वाफेचं पाणी करण्यात जाते. खोली गार करायला फारसं काही उरत नाही.

"म्हणजे मी तळं उपसतेय?"

"जवळपास तसंच."

"किती दिवसांत आटेल?"

"सिन्योरा, लोरेत्ता तुम्हाला घेऊन जाणार आहे. दार लावलंत तर तासाभरात आर्द्रता उतरेल. तुम्हाला कुठेही जावं लागणार नाही."

ती उठली, तशी मीही उठले. तिने दोन्ही खुर्च्या आत नेल्या आणि मी अजून गल्लीतच असताना दार लावून घेतलं.

पुढचे नऊ दिवस आलेखात एक्कावन्नवर सरळ रेघ होती. लोरेत्ताने आभाराचा निरोप पाठवला. मी ती रेघ रोज पाहायचे. एखादं गणित शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर सुटावं, तसं वाटायचं.

दहाव्या दिवशी झेलिंदाचा दुकानात फोन आला.

"यंत्र काढायला ये. मी मोदेनाला चाललेय."

"का? आता तर सगळं ठीक आहे."

"ठीकच आहे. खोली छान गार होते. मी आत बसते आणि यंत्राकडे बघते. दार बंदच ठेवायचं तर ते मोदेनालाही ठेवता येईल, पोरी. तिथे निदान आठ वाजता लोरेत्ता घरी येऊन ते उघडते."

मी काही सुचवणार होते. अधूनमधून मी येईन, असं काहीतरी. पण ती म्हणाली, "शनिवारी ये. संध्याकाळी. गाडी तेव्हाच येणार आहे."

शनिवारी मी शिडीवर चढून बाहेरच्या युनिटच्या लोखंडी चौकटीचे बोल्ट सोडवायला लागले. ड्रिलचा आवाज गल्लीभर घुमला आणि एकेक दार उघडलं. शेजारचा अल्फेओ बनियनवर बाहेर आला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची नोरिना कलिंगडाची फोड हातात धरूनच आली.

"कोण चाललंय?" अल्फेओने विचारलं.

"मी," झेलिंदा म्हणाली.

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"दार वाजवलं होतं गुरुवारी. तुझं यंत्र माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतं."

"तुझ्यापेक्षा? शक्यच नाही."

सगळे हसले. नोरिनाने फोड झेलिंदाच्या हातात दिली. मोदेनाचं पाणी कसं जड, लोरेत्ताची गाडी किती लांब, मागच्या वर्षी कालव्यात कोण पडलं होतं, असं सगळं निघालं. मी काम मुद्दाम सावकाश केलं. सहा उघड्या दारांतून गारवा गल्लीत येत होता, शिडीच्या खालच्या पायरीवर उतरल्यावर तो जाणवायचा.

मग एका घरातून आवाज आला, "दार लाव गं, सगळी दमट हवा आत येतेय." नोरिना म्हणाली, "आलेच." अल्फेओने झेलिंदाच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली, जपून राहा म्हणाला आणि आत गेला. दारं एकामागून एक लागली.

झेलिंदा गाडीत बसली आणि तिने आपल्या बाजूची काच खाली केली. गल्लीत सहा यंत्रं घरघरत होती. लोरेत्ताने गाडीचा एसी चालू केला.

"आई, काच वर घे," ती म्हणाली. "गार होणार नाही."

झेलिंदाने काच वर केली.