लग्नघर नसलेलं घर

लग्नाला अकरा वर्षं झाली, दवाखाने झाले, तेव्हा मालन आणि निवृत्तीने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. अठ्ठ्याण्णव साल होतं. निवृत्ती अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता.

संस्थेत बाईंनी पाळण्यातली सहा महिन्यांची मुलगी दाखवली. मालनने बोट पुढे केलं, तर पोरीने ते घट्ट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. मालनने तिथल्या तिथे मनात नाव ठेवलं, तृप्ती.

मग बाईंनी खर्च सांगितला. बाळाचा सांभाळ, औषधपाणी, वकील, कोर्ट. सगळं मिळून वीस हजार. निवृत्तीचा चेहरा उतरला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "घरात एक लग्न आहे. तेवढं उरकून येतो."

घरात कुणाचंच लग्न नव्हतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पैसे नाहीत म्हटलं असतं तर पोर दिली असती का आपल्याला?" मालनलाही ते पटलं.

ती कामगारांचे डबे करू लागली. तो डबल ड्युटी करू लागला. पाटल्या विकल्या. दसऱ्याच्या आधी वीस हजार जमले, आणि मालन लाल झबलं घेऊन निवृत्तीबरोबर संस्थेत गेली.

पाळण्यात दुसरंच बाळ होतं.

"ती श्रावणातच दत्तक गेली हो, नागपूरला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दोन पत्रं टाकली. येताय की नाही, एवढं तरी कळवा म्हटलं होतं."

"आम्हाला नाही आली पत्रं."

बाईंनी फाइल उघडली. पत्ता कारखान्याचा होता. मालनने नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"सहा हजार कमी पडत होते," तो पुटपुटला. "काय कळवणार?"

"अहो, मग तसं सांगायचं!" बाई कळवळल्या. "आम्ही कमी केले असते, हप्त्याने घेतले असते. पैशासाठी मूल अडवून ठेवतो का आम्ही?"

परतताना द्वारका चौकात बस बदलायची होती. मालन पुढच्या बाकावर एकटीच जाऊन बसली. घरी आल्यावर निवृत्ती ओक्साबोक्शी रडला. ती म्हणाली, "मला सांगितलं असतंत, तर मी पदर पसरला असता. मला कसली लाज होती?"

चार महिन्यांनी एका दुपारी ती एकटीच संस्थेत गेली. परत आल्यावर पीठ मळता मळता म्हणाली, "मी पुन्हा नाव घातलंय. बाई घर बघायला येणारेत. पगार विचारतील. आहे तो सांगा."

त्याने सांगितला. पावसाळ्याआधी घरात मुलगी आली. मालनने तिचं नाव आशा ठेवलं, तिला जिवापाड वाढवलं. निवृत्तीच्या खांद्यावरच पोर झोपायची.

पण बाहेरून पत्र आलं, विजेचं बिल जरी आलं, तरी तो ते न उघडता आधी मालनच्या हातात द्यायचा. तीही ते घ्यायची आणि स्वतःच उघडायची. 'राहू द्या, तुम्हीच बघा,' असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.