तळाचा सांधा

होडीच्या नकाशाच्या पहिल्या पानावर विश्राम खवणेकरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : "दर सांध्याला थोडं रेझिन उरवा. त्याने प्लायवूडचे दोन तुकडे चिकटवून होडीशेजारीच ठेवा. आठ दिवसांनी हातोडीने तोडा. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. चिकटवलेल्या जागी सुटलं तर कच्चा. तुटलेला तुकडा मला पोस्टाने पाठवा. तुमची होडी मला दिसत नाही, तुकडा दिसतो."

खवणेकर वेंगुर्ल्यात बसून होड्या आखायचे आणि हौशी माणसं त्या कुठे कुठे बांधायची. त्यातलेच एक दिगंबर. कराडकडचे हे सुभेदार चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून निवृत्त झाले आणि मुलगा चंडीगडच्या विद्यापीठात शिकवतो म्हणून तिथंच राहिले. सेक्टर ३९ मधल्या घराच्या गॅरेजमधून त्यांनी गाडी बाहेर काढली नि होडी आत घेतली.

चूक झाली ती जानेवारीत. धुकं इतकं, की समोरचं फाटक दिसेना. रेझिन नीट धरत नाही अशा त्या गारठ्यात त्यांनी तळाचा सांधा भरला. आठ दिवसांनी तुकड्यावर हातोडी मारली, तर तो चिकटवलेल्या जागी अलगद सुटला, क्रीमची दोन बिस्किटं सुटावीत तसा.

सांधा उकलायचा म्हणजे महिन्याभराची मेहनत मातीत. दिगंबरांनी दुसरा तुकडा चिकटवला, पण स्वयंपाकघरात, हीटरजवळ. तो छान फाटला. तोच पोस्टात टाकला.

उत्तर एका ओळीचं आलं : "तुकडा चांगला आहे. तुमच्यावर भरवसा ठेवतो. पुढे चला."

ती ओळ त्यांनी एकदाच वाचली आणि कागद खिळ्यांच्या डब्याखाली सरकवला.

मे उजाडला. होडीला निळा रंग लागला. सिसवां गावाच्या पुढे एका ओळखीच्या सरदारजींच्या शेतामागे दोन पुरुष खोल तळं होतं, रविवारी होडी तिथं उतरवायची ठरली. नात संपदा आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं तिला, बोलायची मात्र हिंदीत.

"आजोबा, संडे पक्का ना? सबसे पहले मैं बैठूँगी!"

"पक्का," दिगंबर म्हणाले आणि लगेच हातोडी शोधायला वळले.

गुरुवारी दुपारी ते बोटाच्या पेरांनी होडी ठोकून बघत होते. टक, टक, टक. हात थांबला. आतून आणखी एक आवाज आला. टक.

उन्हाने लाकूड बोलतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा तीनदा ठोकलं. आतून पुन्हा एकच. तळाच्या सांध्यावर हात ठेवला, तर रंग ओला. बेचाळीस डिग्रीची दुपार, होडीने अजून पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, आणि बोटांना लागलेलं पाणी बर्फासारखं गार होतं.

"अहो," सरोजबाई दारातून म्हणाल्या, "किती ठोकताय? डोकं उठलं माझं."

"मी कुठं ठोकतोय?" दिगंबर म्हणाले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

सरोजबाईंनी होडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. आतून आवाज येतच होता.

दिगंबरांनी खवणेकरांना फोन लावला.

"बोला सुभेदार! कधी उतरवताय होडीला पाण्यात?"

"रविवारी. विश्रामभाऊ, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का? मागे ठोकल्याचा आवाज येतोय."

पलीकडे थोडा वेळ फक्त तो आवाज. टक... टक... टक. त्यातली एक टक गॅरेजमधल्या टकेला अगदी जोडून पडत होती. एक फोनमधून, एक पुढ्यातल्या होडीतून.

"सुताराचं येणं कधीच बंद झालंय," खवणेकर हळू म्हणाले. "इथं मी एकटाच असतो. पेटी आहे एक. लोकांनी पाठवलेले तुकडे ठेवतो मी त्यात. सुभेदार, तुमच्याकडेही ऐकू येतंय काय?"

रविवार, संपदासाठी आणलेलं तरंगायचं लाल जॅकेट, दोन पुरुष पाणी.

"भाऊ, तो तुकडा होडीशेजारचा नव्हता. स्वयंपाकघरातला होता. खरा तुकडा सुटला होता."

"हं." खवणेकर रागावले नाहीत, त्याचंच दिगंबरांना जास्त भय वाटलं. "मी कागदावर रेघा मारणारा माणूस. तुमच्या गॅरेजात मला कोण नेणार? तुम्ही बरं म्हटलंत, मी बरं म्हटलं. उकला तो सांधा. आत्ताच. मी फोन धरून आहे."

दिगंबरांनी पटाशी लावली. चार महिन्यांचा सांधा, पण ओल्या कागदासारखा सोलत आला. आतलं रेझिन अजून चिकट होतं. फटीतून पांढरं धुकं निघालं, जमिनीलगत पसरलं आणि मे महिन्याच्या उन्हात दारापर्यंत जाऊन विरलं. सरोजबाईंनी पाय मागे घेतले.

संपदा रुसली. रविवारी जेवली नाही, "झूठे हो आप," म्हणाली. दिगंबरांनी ते ऐकून घेतलं.

सांधा त्यांनी नव्याने भरला. तुकडा होडीला टेकवूनच ठेवला, दिवसातून चारदा जाऊन बघितला. आठव्या दिवशी लाकूड उभं फाटलं. पार्सल वेंगुर्ल्याला पोचलं त्या दिवशी खवणेकरांचाच फोन आला.

"तुकडा खरा आहे. तुमचा जुना मी पेटीतून काढला, चुलीत घातला. आता होडी ठोका बघू."

दिगंबरांनी तीनदा ठोकलं. थांबले. होडी गप्प होती.

फोनमध्ये मात्र ठोकणं चालूच होतं.

"भाऊ, हे अजून..."

"ते तुमचं नाही," खवणेकर म्हणाले. "तिघांचे असेच खोटे तुकडे आहेत अजून पेटीत. तुमच्यासारखा फोन त्यांनी केला नाही. ते पाण्यात उतरले."