आग्नेय कोपऱ्यातली फरशी

घर विकायला काढलं तेव्हा मी गणपतराव एजंटला एकच अट घातली होती. आतल्या खोलीत आग्नेय कोपऱ्यात जी फरशी आहे, तिला कोणी हात लावायचा नाही. भिंती बघा, गच्चीवर जा, नळ सोडून बघा. ती फरशी सोडा.

त्या फरशीखाली आमचा वास्तुपुरुष होता. वास्तुशांतीच्या दिवशी भटजींनी तांब्याची प्रतिमा डबीत घालून शालूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात दिली होती. तिनं ती खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली आणि गवंड्यानं फरशी बसवली. तेव्हापासून दर अमावास्येला ती त्या फरशीवर नैवेद्याचं पान ठेवायची. तिथं पाय द्यायची नाही. झाडतानासुद्धा केरसुणी हळू फिरवायची.

फरशी पोकळ वाजायची. चमचा पडला तरी घुमायची. खाली देवाची जागा आहे, पोकळ वाजणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. पावसाळ्यात तिथून बारीक घरघर यायची. शालू म्हणायची, "झोपलाय बगा आपला वास्तुपुरुष. कसा घोरतोय." आमची मुलगी संयोगिता लहानपणी फरशीला कान लावून ऐकायची आणि हसायची.

शालू त्याच खोलीत आजारी पडून होती आणि त्याच खोलीत गेली. शेवटी शेवटी म्हणायची, "माझी कॉट जरा हिकडं ओढा, खालनं गार येतंय." मी ओढायचो. दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणायची. आजारपणात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ती गेल्यावर मला घरात राहवेना. स्वयंपाकघरात झाकण पडलं की मी विचारायचो, "काय झालं गं?" मग आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा. संयोगिता हुपरीला असते. जावयाचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे. ती रोज फोनवर म्हणायची, "बाबा, घर विका आणि हितं या." मला पैशाची घाई नव्हती. मला तिथून बाहेर पडायचं होतं.

गणपतरावनं आणलेलं गिऱ्हाईक म्हणजे बुद्धभूषण. शाहूपुरीत एका ऑफिसात काम करायचा. बरोबर बायको शिवानी आणि चार वर्षांची मुलगी यशू. ते यायच्या आधी गणपतराव माझ्या कानाशी लागून म्हणाला, "दोन ठिकाणी नुसतं नाव ऐकून घर न्हाय म्हणालेत ह्यांना. तुमी व्हय म्हणा. घासाघीस करायचं न्हाईत."

"माणूस बरा हाय का तेवढं सांग," मी म्हणालो.

माणूस बराच होता. चप्पल बाहेर काढून आत आला. शालूच्या फोटोसमोर थांबला, कधी गेल्या म्हणून विचारलं. आतल्या खोलीत यशू पळत गेली आणि नेमकी त्या फरशीवर उड्या मारायला लागली.

"पप्पा, हितं ढोल हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "बाळ, तिथं नको. तिथं आमचा देव हाय."

बुद्धभूषणनं तिला पटकन उचललं. "चुकलं काका. आमच्यात हे करत न्हाईत. पण तुमची जागा हाय. आमी कधी धक्का लावणार न्हाय."

शिवानी खिडकीतून येणारा उजेड बघत म्हणाली, "यशूची कॉट ह्या कोपऱ्यात बसंल."

विसार झाला. खरेदीआधी घर एकदा इंजिनिअरला दाखवतो, असं बुद्धभूषण म्हणाला. कर्ज काढून घेत होता, त्यात गैर काही नव्हतं.

इंजिनिअर आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. तो हातोडीनं भिंती वाजवत एकेक खोली बघत होता. गणपतरावनं त्याला माझी अट सांगायची होती, पण तो दारात फोनवर बोलत होता. टक टक असा आवाज येत राहिला. मग तो आवाज बदलला. घुमायला लागला. मी गॅस तसाच ठेवून पळालो, तेवढ्यात मोठा कडाका झाला.

फरशीचे तीन तुकडे झाले होते. एक तुकडा आत गेला होता. दोन कडेला लोंबत होते. इंजिनिअर हातोडी धरून तसाच उकिडवा बसला होता.

"पोकळ लागली म्हणून जरा जोरात मारली," तो म्हणाला. "काय हाय हितं?"

"वास्तुपुरुष हाय," मी म्हणालो.

तो दोन पावलं मागं सरकला. पायातले बूट काढले आणि हात जोडले. "मला कुणी सांगितलं न्हाय ओ."

सगळे त्या भोकाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते. बुद्धभूषणचा चेहरा उतरला होता. शिवानीनं यशूला पोटाशी धरलं. गणपतराव आत आला, त्यानं बघितलं, देवघरापुढचा पाट उचलून आणला आणि भोकावर टाकला.

आवाज ऐकून शेजारची बनाबाई आली होती. तिनं पाट बघितला, हातोडी बघितली आणि मग बुद्धभूषणकडं बघितलं.

"भावजी, कुणी फोडली?"

"इंजिनिअरनं. चुकून," मी म्हणालो.

"चुकून व्हय," ती म्हणाली आणि बुद्धभूषणवरची नजर काढली नाही.

बुद्धभूषण माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मी सगळं भरून देतो. अशीच फरशी हुडकून आणतो. शांत करायची असंल तर भटजींचं बी बघतो. फक्त बाहेर ह्याचं येगळं काय हुऊ देऊ नका."

इंजिनिअरनं पुढं काही तपासलं नाही. कोपरा देवाचा आहे, म्हणून पोकळ वाजतोय, बाकी घर ठीक, असं सांगून तो गेला. चहा गॅसवर उतू जाऊन करपला होता.

सगळे गेल्यावर गणपतराव मागं राहिला. त्याच्या तोंडावर हसू होतं.

"बाळासो, झालं ते बेस झालं. पावणं आता जागचा हलत न्हाय. हलला तर लोक म्हणतील, देव फोडला आणि पळाला. आता तुमी म्हणाल त्या तारखेला खरेदी."

मला ते बोलणं आवडलं नाही. पण हुपरीला जायचं नक्की झालं, हेही डोक्यात आलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाट काढला. डबी शालूनं ठेवली होती. परक्या गवंड्यानं ती चाचपण्यापेक्षा आपणच काढून घ्यावी आणि हुपरीला न्यावी, असं मनात होतं. मी पालथा झोपलो आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत गेला. हाताला काही लागलं नाही. माती नाही, डबी नाही, तळ नाही. कडेच्या फरश्यांखाली चार बोटं काँक्रीट होतं आणि त्याच्याखाली गार हवा. ती माझ्या बोटांतून वर येत होती. खालनं गार येतंय, म्हणायची शालू.

मी हात काढला आणि लोंबणाऱ्या तुकड्यांपैकी एक आत सोडला. आवाज लगेच आला नाही. आपण ऐकलं नसेल असं वाटायला लागलं, तेव्हा पाण्याचा आवाज आला.

मी साखर कारखान्यावर फिटर होतो. हत्यारांची पेटी अजून आहे. त्यातला मोठा पाना मी बादलीच्या दोरीला बांधून खाली सोडला. दोरी संपत आली तेव्हा ती सैल पडली. वर ओढली तर पाना काळ्या चिखलानं माखलेला. बॅटरी लावून बघितलं. एका बाजूला घडीव दगड दिसले, गोलाकार रचलेले. खोलीच्या खाली, कॉटच्या खाली, तो गोल पुढं गेला होता. दुसरी बाजू दिसली नाही.

विहीर होती. आमची कॉलनी व्हायच्या आधी इथं उसाचं वावर होतं. प्लॉट पाडताना कोणीतरी राडारोडा टाकून ती बुजवली असणार आणि कोणाला सांगितलं नसणार. दोन पूर आले, पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन गेलं. तेव्हा भराव खाली बसला असेल. शालूच्या कॉटचे चार पाय किती दिवस नुसत्या काँक्रीटवर उभे होते, कोण जाणे. आणि यशू तिथं उड्या मारून गेली होती.

मी गणपतरावला बोलावून पाना दाखवला. त्यानं भोकाकडं पाऊलसुद्धा टाकलं नाही.

"कुणी बघितलंय हे?"

"मी."

"मग तुमीच बघितलंय म्हणायचं. पाट हाय, परवा गवंडी येतोय, फरशी बसतीय. देवाच्या जागंत कोण हात घालतोय? त्यो तर जलमात घालणार न्हाय."

"लेकरू झोपणार हाय तिथं, गणपतराव."

"इतकी वर्सं तुमी झोपलासा. पडलासा काय?" मग तो जवळ आला. "नीट इचार करा. हे बाहेर आलं तर ह्या घराला गिऱ्हाईक न्हाय. मग बसा हितंच."

तो गेल्यावर मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. बंद दाराच्या फटीतून गार येत होतं. घरघर नेहमीपेक्षा मोठी होती, आणि ती पाण्याची आहे हे आता मला कळत होतं. त्यामुळं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संयोगिताचा फोन आला. "बाबा, तुमची खोली रंगवून घेतली बगा." मी बरं म्हणालो. तिला काही सांगितलं नाही.

ठरल्या दिवशी बुद्धभूषण गवंड्याला घेऊन आला. बगलेत कागदात गुंडाळलेली फरशी होती. तसाच रंग, तशीच नक्षी. "लई दुकानं फिरलो काका, तवा मिळाली," तो म्हणाला. शिवानी आणि यशूही आल्या होत्या. गणपतराव बाहेरच्या सोप्यात बसला होता. बनाबाई दारात येऊन उभी राहिली. कोणी बोलावलं नव्हतं.

गवंड्यानं सिमेंट कालवायला घेतलं. मी पाट बाजूला केला.

"बुद्धभूषण, हिकडं या. आत हात घालून बगा."

तो हलला नाही. "नको काका."

"मी सांगतोय न्हवं. घाला. आत देव न्हाय. काहीच न्हाय. खाली विहीर हाय."

गणपतराव उठून आला. "बाळासो, बायको गेल्यापासनं तुमचं चित्त थाऱ्यावर न्हाय. पावणं, मनावर घिऊ नका. घर सोडवंना झालंय त्यांना."

बुद्धभूषणनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दारातल्या बनाबाईकडं.

"काका, मी हात घालणार न्हाय. उद्या कोण काय म्हणंल, मला म्हाईत हाय. एकदा झालं, त्याची भरपाई मी करतोय." मग त्याचा आवाज चढला. "तुमाला बी आमाला घर द्यायचं नसंल तर सरळ सांगा की. हे असलं कशाला?"

त्याला तो सापळा वाटत होता. त्याला तसं वाटावं असंच सगळं घडलं होतं. मी बॅटरी पुढं केली, तर त्यानं मान फिरवली. आणि मोठ्यांचं भांडण चाललंय म्हणून यशू आईचा हात सोडून खिडकीखालच्या कोपऱ्याकडं निघाली होती.

"पोरीला धरा!" मी ओरडलो. "सगळी भाईर व्हा. सगळी!"

माझा आवाज ऐकून शिवानीनं तिला ओढलं आणि सगळे दाराच्या बाहेर झाले. मी गवंड्याची पहार उचलली, उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि हात पुरेल तिथं, भोकाच्या अलीकडच्या फरशीवर घातली. पहिल्या घावाला फरशी फुटली. दुसऱ्याला खालचं काँक्रीट. तिसरा घाव घालावा लागला नाही. शालूची कॉट एका बाजूला कलली, तिचे दोन पाय खाली गेले, आणि मग तो सगळा कोपरा कॉटसकट आत गेला. केवढा तरी वेळ काही ऐकू आलं नाही. मग पाणी उसळल्याचा आवाज आला आणि कुबट वास घरभर पसरला. कोपऱ्यातली भिंत वरपासून खालपर्यंत उलली. त्या फटीतून बाहेरचं ऊन आत आलं.

बनाबाई पदर तोंडाला लावून केव्हा गेली कळलं नाही. बुद्धभूषणनं यशूला कडेवर घेतलं होतं आणि तिचं डोकं इतकं घट्ट दाबून धरलं होतं की ती रडायला लागली. त्यानं ती नवी फरशी भिंतीला टेकवून ठेवली. तशीच ठेवून ते गेले. जाताना शिवानीनं एकदा मागं वळून बघितलं.

गणपतराव शेवटी गेला. "बसा आता राखण करत," म्हणाला.

विसार मी परत केला. संयोगिता घ्यायला आली होती, मी गेलो नाही. तिला सांगितलं, महापालिकेत अर्ज दिलाय, विहीर बुजवल्याशिवाय येणार नाही. ते खरं आहे. पण गणपतराव त्यानंतर दोनदा आला. एकदा म्हणाला, वरनं स्लॅब टाकू, रंग देऊ, बाहेरगावचं गिऱ्हाईक आणतो, त्याला काय कळतंय. मी हुपरीला गेलो तर तो तेच करील. किल्ली माझ्याजवळ आहे, तोवर करणार नाही.

मी सोप्यात राहतो. आतल्या खोलीचं दार बंद असतं. अमावास्येला सकाळी ते उघडतो आणि नैवेद्याचं पान उंबऱ्यावरच ठेवतो, कारण आत ठेवायला जागा नाही. गेल्या अमावास्येला उंबऱ्यापासून पुढं एक अख्खी फरशी होती. या अमावास्येला तिचा निम्मा भाग उरलाय.

घोरणं थांबलंय. पाऊस इतका झाला, तरी आवाज नाही. मी दारात उभा राहून बराच वेळ ऐकलं. झोपलेलं माणूस जागं झाल्यावर जसं गप्प असतं, तसं खाली गप्प आहे.