डाव्या कानामागची वेणी

मी लूडीमावशीच्या दुकानात वेण्या घालते, तिथे थॅडियसकाका शिरले तेच ओरडत. "रेनिटा, तोंड गोड कर बाई! माझ्या यादीत तुझा पहिला नंबर!"

माझ्या हातातला कंगवा खाली पडला.

आम्हा काळ्यांच्या कॉमिक्सना दरवर्षी इथे फिलाडेल्फियात बक्षिसं देतात. त्याआधी काका आपल्या आवडीची पुस्तकं इंटरनेटवर जाहीर करतात. जन्मभर लायब्ररीत काढलेला माणूस. त्यांच्या शब्दाला वजन. पण माझं कॉमिक मी खोट्या नावाने काढलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्यातला दात विचकणारा राक्षस म्हणजे माझा नवरा वाशॉन. तो मारायचा म्हणून मी बाल्टिमोरहून पोरीला घेऊन पळाले होते.

"काका, मी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" काका खुशीत होते. "तुझ्या नायिकेच्या वेण्या! भांग डाव्या कानामागून वळत जातो. माझ्या नातीच्या वेण्या तू अश्शाच घालतेस. मी लिहूनच टाकलं की चित्रकार जो कोणी असेल, त्याचा हात लूडीबाईंच्या दुकानात तयार झालाय."

"लिहिलंत? दुकानाच्या नावासकट?"

"मंगळवारीच."

मी खुर्चीचा हात धरला. वाशॉनची नि माझी ओळखच कॉमिक्सच्या स्टॉलवर झाली होती. काकांची यादी तो दरवर्षी वाचायचा. आणि तो भांग माझ्या आईचा. पोरीच्या डोक्यावर मी तो पाडायची तेव्हा वाशॉनच समोर बसून बघायचा. कौतुक कसलं, घात केला होता म्हाताऱ्याने!

"आत्ताच्या आत्ता काढून टाकतो," काका पुटपुटले. मी वाशॉनचं नाव घेतलं तेव्हा कुठे त्यांना कळलं होतं.

"काढा. त्याने वाचलंही असेल."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. लूडीमावशीचे हात क्रीमने माखलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर चालू केला.

"तुमच्याकडे डाव्या कानामागून वेण्या घालतात ना?" शांत, गोड आवाज. वाशॉनचाच. "माझ्या मुलीच्या घालायच्यात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. "चुकीचा नंबर लागला, भाऊ."

"चुकीचा कसा? काचेतून दिसतेय की. पिवळा स्वेटर. केवढी झाली माझी ओपल!"

ओपल खिडकीतल्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. मी झडप घालून तिला ओढलं. कोर्टाने त्याला आमच्याजवळ फिरकायची बंदी केली होती, पण कागद काय हात धरतो कुणाचा?

"पोलिसांना फोन लावा कोणीतरी!" मावशी गरजली. "आणि उठा गं सगळ्या!"

उठल्या. कोणाचं अर्धं डोकं विंचरलेलं, कोणाच्या केसांत कंगवा तसाच लटकलेला, गळ्यात टॉवेल. काचेपाशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. काकाही त्यांच्यात जाऊन उभे राहिले. रस्त्यापलीकडे करड्या गाडीत तो बसून होता. सायरन ऐकू आला तेव्हा गाडी हलली, तीही सावकाश, जणू घाई कसलीच नाही.

पोलीस आले, लिहून घेतलं, गेले. तो सापडला नाही. गाडी कुठे वळली ते कोणाला दिसलं नव्हतं.

मागच्या खोलीत मी ओपलला गुडघ्यांमध्ये बसवलं आणि वेण्या सोडायला घेतल्या. सकाळीच घातल्या होत्या. आईकडून आलेलं माझ्याजवळ एवढंच होतं, आणि आता रस्त्यात कोणीही तेवढ्यावरून पोरीला ओळखलं असतं. गाठ सुटेना.

"मम्मा, काकांना तुझं पुस्तक आवडलं ना?"

"सगळ्यात जास्त."

"मग माझ्या वेण्या का सोडतेस?"

"मान हलवू नकोस," मी म्हटलं.

मागच्या दाराशी मावशीने गाडी चालू करून ठेवली होती.