कोणीतरी वेग कमी करतं

ठमीने हेडफोन चढवले, खालच्या बाणाचे बटण दाबले आणि ती चडफडली. संगणकातली बाई पुन्हा रेंगाळत बोलायला लागली होती. "इन... बॉक्स... न वाचलेले... चार..." एरवी ही बाई इतकी भरभर बोले की शेजारी उभ्या असलेल्याला नुसती किरकिर ऐकू यावी. ठमीला दिसत नसे, पडद्यावरचे सगळे तीच तिला वाचून दाखवायची आणि ठमीला मुळातच कोणी सावकाश बोललेले खपत नसे.

गेला आठवडाभर हा छळ चालला होता. दुपारी वर जेवून खाली यावे, तर कोणीतरी वेग पार खाली आणलेला. दाबलेले अक्षर न् अक्षर उच्चारून दाखवण्याची सोय, जी तिने शिकाऊ असतानाच बंद करून टाकली होती, तीही चालू केलेली. त्यात ईमेलच्या प्रोग्रॅमला नुकतेच नवे रूप आले होते. उजवीकडे कसलीशी चौकट उपटली होती आणि टॅब दाबत गेले की माणूस तिच्यात जाऊन अडके. बटण. बटण. नाव नसलेले बटण. किमतींचा तक्ता जोडायला तिला आज अर्धी सकाळ लागली.

"कुठे नेऊन पुरलंय हे गाढवांनी?" ती मोठ्याने म्हणाली.

समोरच्या टेबलावरचे हिशेबनीस हसले. मामा गल्ल्यावर होते.

दुकान मामांचे, शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचे. तिशी उलटली तरी मामांच्या लेखी ती ठमीच होती. ईमेल पूर्वी हिशेबनीस बघत. मामांनी ते काम भाचीला दिले तेव्हापासून ते तोंड वाकडे करून होते. परवा त्यांना आयतेच कोलीत मिळाले. गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने सोळा नंबरच्या सुया मागवल्या होत्या, गेल्या अकराच्या, आणि तेही दोनदा. जाड कापडावर सुया मोडल्या, काम खोळंबले. मालकीणबाईंचे खरमरीत पत्र आले. संगणकाने सोळाचे अकरा वाचले असतील, असे हिशेबनीस म्हणाले. ठमीने मूळ ईमेल पुन्हा पुन्हा ऐकला होता. त्यात सोळाच होते आणि तिने मामांना सोळाच सांगितले होते. पार्सल बांधायचे काम तर मामांचे स्वतःचे.

पण मामा नुसते "बघू" म्हणाले. सोमवारी काय ते ठरवू. म्हणजे सोमवारी हे काम पुन्हा हिशेबनिसांकडे जाणार आणि ती परत वरच्या मजल्यावर, मामीच्या हाताखाली भाजी निवडत बसणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक टेबल मिळाले होते. आता तेही जाणार.

मामांचा रागही होताच. तक्रार आल्यापासून ते प्रत्येक ईमेल मोठ्याने वाचायला लावत, जणू तिची परीक्षा चाललीये. सुयांची पाकिटे पुढ्यात टाकून म्हणत, "हातानं बघ, जाड कुठली ते." ठमी चिमटीत सुई फिरवून सांगे आणि मनातल्या मनात जळफळे.

आता तर मसुद्यांच्या कप्प्यात कारखान्याच्या पत्त्यावर लिहायला घेतलेले तीन ईमेल सापडले. एक रिकामा, उरलेल्या दोन्हींत जेमतेम एकेक अक्षर. कोणीतरी तिच्या नावाने काहीबाही पाठवणार होते. कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिने हिशेबनिसांना तोंडावर विचारले. ते म्हणाले, मी दुपारी घरी जातो, मला काय पडलंय? मग तिने जरा जास्तच बोलून घेतले. मामा ऐकत होते, पण मध्ये पडले नाहीत.

दुपारी तिने दोन घास कसेबसे पोटात ढकलले आणि चपला न घालता आतल्या जिन्याने खाली उतरली. आज चोराला रंगेहाथ पकडायचेच. काय बोलायचे तेही तिने जुळवून ठेवले होते.

दुकानात बाई हेडफोनशिवाय, मोठ्याने रेंगाळत बोलत होती. कोणीतरी एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. "च... दीर्घ ऊकार... क." मग बराच वेळ काही नाही. ठमी टेबलाला लागूनच असलेल्या दारात थांबली. "भ... काना... च..."

पुढचे वाक्य तिने अक्षर-अक्षर करून ऐकले. चूक भाचीची नाही. सुया मी भरल्या. मला नंबर दिसला नाही.

मग टॅब. बटण. बटण. नाव नसलेले बटण.

"कुठे नेऊन पुरलंय हे गाढवांनी," मामा पुटपुटले.

ठमी मामांच्या आवाजाकडे वळली. तिचे बोट दाराच्या कडीला लागले आणि कडी वाजली.

"कोण आहे?" मामांनी विचारले.

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"मी."

मामांची खुर्ची करकरली.

"कोणीतरी उभं आहे एवढं कळलं," ते म्हणाले. "मधलं दिसत नाही आता. कडेकडेचं दिसतं."

मामीला सांगितले का, हे तिने विचारले नाही. तिने चाचपत स्टूल ओढले आणि शेजारी बसली.

"एस्केप दाबा. ती चौकट जाते. आता कंट्रोल धरून एंटर."

"ते बटण शोधायचंच नाही?"

"नाही."

"मग हे आधी सांगायचं नाही का?" मामा वैतागून म्हणाले.

त्यांनी कळा चाचपल्या. दोनदा चुकल्या. तिने हात पुढे केला नाही. "ईमेल... पाठवला," बाई म्हणाली.

संध्याकाळी हिशेबनिसांची माफी मागावी लागणार होती, त्याचा तिला आतापासूनच कंटाळा आला. सवयीने तिचे बोट वेग वाढवायच्या कळेकडे गेले आणि तिथेच थांबले.

"वाढव की," मामा म्हणाले. "पण एकदम नको. रोज थोडा थोडा."

ठमीने वेग एक घर वाढवला. तिच्या कानांना बाई अजून रांगतच होती.