सोंगातला बिबट्या

“भगवंतभाऊ, आज तुम्ही बिबट्या होऊ नका,” शिबिर घेणाऱ्या स्नेहल मॅडम म्हणाल्या, तेव्हा भगवंतचा एक पाय सोंगात गेलेला होता.

अभयारण्यातल्या शिबिराला शाळांची पोरं यायची. झाडं ओळखायची, शेकरूचं घरटं बघायची आणि शेवटी भगवंतचा बिबट्या. भगवंत तसा वनमजूर. पण त्याला विचाराल, तर आधी बिबट्या आणि मग मजूर! ठिपक्यांचं सोंग चढवून तो चार पायांवर करवंदीच्या जाळीतून निघायचा. बिबट्या दिसला की पळायचं नाही, वाकायचं नाही. ताठ उभं राहून हात वर करायचे आणि ओरडायचं, हे पोरांनी त्याच्यावरच गिरवायचं. पोरं ओरडायची कमी, खिदळायची जास्त. गड्यालाही तेच हवं असायचं.

“का वो मॅडम? माजं काय चुकलं?”

“पिंपळवंडीची मुलं आहेत ही. ती निळ्या रिबिनीची वैष्णवी दिसते ना? दिवाळीआधी तिच्या धाकट्या भावाला बिबट्यानं उसात ओढून नेलं. तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून शाळेत तोंड उघडत नाही ती.”

“आगं आई गं! मग ऱ्हाऊ द्या. कशाला लेकराची जखम उकरायची?”

तो पाय बाहेर काढू लागला, तोच वैष्णवी जवळ आली. तिनं गवतात पडलेला बिबट्याचा मुखवटा उचलला आणि त्याच्या हातात दिला. भगवंतनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली.

तो जाळीतून निघाला, पण आज गुरगुरला नाही. पोरं ओरडली, हसली. वैष्णवी नुसती बघत होती. मग तिचे दोन्ही हात वर गेले.

“सोड! सोड त्याला! जा!”

भगवंतच्या हातात काहीच नव्हतं, तरी त्यानं दोन्ही पंजे उघडले आणि मागं मागं सरकत जाळीत शिरला. पोरगी ओरडतच राहिली.

“भाऊ, उठा की आता,” जाळीमागं उभा असलेला त्याचा जोडीदार वनमजूर सावळेराम कुजबुजला.

“गप रं. तिचं व्हऊ दे.”

मुखवट्याच्या आत तो लहान पोरासारखा रडत होता. करवंदीचे काटे गुडघ्यांत रुतत होते. हळूहळू तिचा आवाज बसला, मॅडमनी तिला पोटाशी धरलं, पोरं गाडीत चढली.

गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठं भगवंत दोन पायांवर उभा राहिला.