फुंकरीची तपासणी

"वहिनी, दादाचं हे नुसतं अपचन नाही हं. एकदा दाखवून घे," असं नणंद म्हणाली, तेव्हा तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तिला सवड कुठे होती? बाळाचा ढेकर आला तर का आला, नाही आला तर का नाही आला, यापेक्षा मोठा प्रश्न त्या घरात नव्हता. डायपर तर ती सोनाराने दागिना पारखावा तसा खिडकीपाशी नेऊन बघायची.

नवऱ्याचं पोट नवऱ्याच्या भरवशावर होतं. जेवण झालं की करपट ढेकर, छातीखाली हात आणि खिशातून ॲसिडिटीची गोळी. "गॅस आहे गं!" हे निदान करायला त्याला कुठल्या पदवीची गरज भासली नव्हती.

पँट सैल होऊन घसरायला लागली, तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरीणबाईंकडे गेली. जठरात जंतू असावेत, म्हणाल्या. पिशवीत फुंकर मारायची, की कळतं. फक्त आधी दोन आठवडे ती गोळी बंद; नाहीतर जंतू दबून बसतात, सापडत नाहीत.

त्याने गोळी बंद केली. म्हणजे, बायकोसमोर बंद केली.

रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. "बघ! जंतू-बिंतू काही नाही," म्हणत तो घरभर मिरवला.

मग एका सकाळी ती डायपर बदलत असताना तो डोकावला. "अरे वा, शी काळी! माझ्यासारखीच."

तिचा हात जागीच थांबला. "बाळाला लोहाचे थेंब चालू आहेत, त्याने होते काळी. तुला कसले चालू आहेत?"

"मला? काही नाही. ती गोळी तेवढी, अधूनमधून."

"तपासणीच्या आधीसुद्धा?"

साहेबांना एकाएकी बाळाचे मोजे फार गोड वाटू लागले.

बाळ कडेवर आणि नवऱ्याला पुढे घालून तिने दवाखाना गाठला. तोंडातून दुर्बीण घातली, जठराचा कण तपासला, तेव्हा दिसलं: जठरात जखम, जखमेतून झिरपून शी काळी करणारं रक्त, आणि ऐसपैस मुक्काम ठोकलेले जंतू. "आणखी उशीर केला असतात, तर चालत आला नसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता अँटिबायोटिक चालू आहेत. "बरं वाटतंय, आता कशाला?" असं तो एकदाच म्हणाला. ती समोर उभी राहते, गोळी गिळवते, आणि सकाळी बाथरूमच्या दारातून विचारते, "आज रंग काय?"

"अगं हळू! शेजारी ऐकतील!"

"ऐकू देत."

तुमच्याकडेही 'गॅस आहे' म्हणत पोट चोळणारं कुणी असेलच. त्यांना आजच विचारा, शी काळी होते का? हसतील, विषय बदलतील. तरी पुन्हा विचारा.